शरदातली नर्सरी खरेदी: जळगाव-धुळ्याच्या बाजारात काय घ्यावं, काय तिथेच ठेवून यावं

कानबाईचं विसर्जन झालं की जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, नंदुरबार, कुठल्याही नर्सरीत गर्दी वाढायला लागते. ती तुळशीच्या लग्नापर्यंत ओसरत नाही. या तीन महिन्यांत जे विकलं जातं त्याचं हे परीक्षण: रोपं, फुललेल्या कुंड्या, बियांची पाकिटं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), खतं, ग्रो-बॅग, ठिबकचं किट आणि सणाच्या सजावटीचं सामान. एका दुकानाचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण माल बहुतेक ठिकाणी सारखाच येतो. आमचं मत आधीच सांगतो. खानदेशात शरदातली बाग ऑक्टोबरचं ऊन आणि काळी माती या दोघांच्या हातात असते. या दोन्हींपुढे टिकणारं सामान घ्यावं, मग ते दिसायला कितीही साधं असो.

सगळ्यात पैसा वसूल करणारी वस्तू म्हणजे झेंडूची ट्रेमधली रोपं. ९८ किंवा १०४ खणांच्या ट्रेमध्ये कोकोपीटवर वाढवलेलं, २५ ते ३० दिवसांचं रोप. भाजीपाल्याची रोपं तयार करणाऱ्या रोपवाटिका ही रोपं पाच-दहाच्या संख्येतही देतात, मात्र आधी सांगून ठेवावं लागतं. घेताना एक रोप खणातून अलगद ओढून बघा. मुळांसकट लगदा अखंड बाहेर आला आणि मुळं पांढरी असली तर माल चांगला. मुळं तपकिरी होऊन तळाशी गुंडाळी झालेली असतील, खोड लांबुळकं असेल किंवा ट्रेमध्येच कळी दिसत असेल तर ते रोप म्हातारं झालंय. खणात कळी धरलेला झेंडू नंतर मोठ्या कुंडीत लावला तरी बुटकाच राहतो. दुकानदार मात्र तीच कळी दाखवून सांगेल, "भाऊ, हे लवकर फुलेल." फुलेल खरं, पण दोन-चार फुलांवर संपेल.

लागवडीची तारीख सणावरून मागे मोजत यावी. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सण उशिरा आहेत; दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. उंच वाढणारा आफ्रिकन झेंडू रोप लावल्यापासून साधारण ५० ते ५५ दिवसांत तोडणीला येतो, म्हणजे दसऱ्यासाठी तो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत कुंडीत गेला पाहिजे. कुंडीसाठी काढलेले बुटके संकरित वाण ३५ ते ४० दिवस घेतात. ते दसऱ्यासाठी १० सप्टेंबरपर्यंत आणि दिवाळीसाठी २५ सप्टेंबरपर्यंत लावले तरी चालतात. पुसा नारंगी हा जुना, भरघोस वाण आहे, पण त्याला बी पेरल्यापासून चार महिन्यांहून जास्त लागतात. ऑगस्टमध्ये त्याचं पाकीट घेऊन दसऱ्याची वाट बघू नये.

शेंडा खुडायचा की नाही, हेही तारखेवरच ठरतं. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातल्या लागवडीत पाच-सहा पानांच्या जोड्या आल्या की शेंडा एकदा खुडावा. फांद्या दुप्पट होतात, फुलं मात्र दहा-बारा दिवस पुढे जातात. त्यानंतरच्या लागवडीला नखही लावू नये. आधीच वेळ कमी असतो.

आता फुललेल्या कुंड्या. दसऱ्याच्या आठवड्यात नर्सरीच्या दर्शनी भागात पिवळ्या-तांबड्या रांगा लावलेल्या असतात आणि निम्मं गिऱ्हाईक तिथेच थांबतं. सगळ्या कळ्या उमललेली कुंडी घेऊ नका. जास्तीत जास्त एक तृतीयांश फुलं उघडलेली आणि बाकी कळ्यांना रंग चढलेला, अशी कुंडी निवडा. ती घरी दोन-तीन आठवडे चालते. हिरव्यागार, घट्ट, रंग न दिसणाऱ्या कळ्यांची कुंडी हाही जुगारच आहे. शेडनेटमधून निघून गच्चीवरच्या ३५ अंशांत आली की त्या कळ्या वाळतात.

शेवंतीसाठी वेगळी सूचना. तिला फूल धरायला लांब रात्र लागते, आणि रात्र म्हणजे खरोखरचा अंधार. दारावरचा दिवा किंवा रस्त्यावरचा हॅलोजन रात्रभर कुंडीवर पडत असेल तर झाड हिरवंगार वाढतं, कळी मात्र धरत नाही. खत कमी पडलं म्हणून लोक वर खत ओततात आणि पानं आणखी माजतात. ऑगस्टच्या शेवटापासून कळ्या दिसेपर्यंत कुंडी मागच्या अंगणात, उजेड नसलेल्या बाजूला ठेवा. एकदा कळ्यांना रंग आला की दारात आणा, मग दिवाळीच्या माळांनी काही बिघडत नाही. विकत आणलेली शेवंती गोल, गुटगुटीत दिसते, कारण तिची वाढ बहुधा औषध देऊन रोखलेली असते. पुढच्या वर्षी तिच्याच फुटव्यांपासून केलेलं झाड उंच गेलं तर वाण बदलून दिला असा संशय घेऊ नका.

पिटुनिया, डायंथस, पॅन्सी ही थंडीची रोपं नर्सऱ्या सप्टेंबरच्या अखेरीसच मांडतात. खानदेशात हा सरळ तोट्याचा सौदा आहे. पाऊस गेल्यावर इथलं ऊन पुन्हा तापतं, आणि ही कोवळी रोपं दुपारी माना टाकतात. पाणी वाढवलं की मुळं कुजतात. दिवाळी होऊ द्या. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून रात्री गार होतात, तेव्हा हीच रोपं लावली तर फेब्रुवारीपर्यंत फुलतात. तोवर दारात फुलं हवीच असतील तर फ्रेंच झेंडू, कोंबडा, साल्व्हिया आणि जुनी भरवशाची गुलबक्षी आहे. फुलदाणीत ठेवायच्या फुलांची हौस असेल त्यांनी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ॲस्टरचे वाण विचारावेत. फुले गणेश पिंक, व्हाइट आणि पर्पल. सप्टेंबरात पेरलं तर डिसेंबर-जानेवारीत फुलं मिळतात.

गुलाब, जास्वंद, मोगरा यांची मोठी झाडं बऱ्याचदा आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांकडून ट्रकनं येतात. झाड उत्तम, पण त्याच्या मुळांभोवती लाल चिकण मातीचा गोळा असतो. तो वाळला की दगड होतो. तसाच काळ्या मातीत पुरला की पाणी गोळ्याच्या बाजूनं निघून जातं आणि ओल्या कुंडीत झाड तहानेनं मरतं. पिशवी कापून गोळा बादलीभर पाण्यात बुडवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटं. मग बाहेरची इंचभर माती बोटांनी सोडवा आणि संध्याकाळी चारनंतर लावा. आठवडाभर सावलीत ठेवून मगच हळूहळू उन्हात सरकवा.

माती आणि तिच्या बदल्यात विकल्या जाणाऱ्या वस्तूंबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. आपली काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत मात्र तिचा जाच होतो. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. त्या फटीतून पाणी थेट खाली जातं आणि तळाच्या भोकातून वाहताना बघून आपल्याला वाटतं, झाड प्यालं. वाफसा असा येतच नाही. शिवाय तिच्यात चुनखडी असते, त्यामुळे लोह झाडाला मिळत नाही. जास्वंद, गुलाब, मोगऱ्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की तो लोहाचाच तुटवडा. त्यावर हिराकस (लोहाचं सल्फेट) मातीत टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. चुनखडीच्या मातीत त्यातलं लोह लगेच अडकून बसतं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये असं बांधलेलं लोह, मागा आणि पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय का ते वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह स्वस्त असतं, पण आपल्या मातीत ते मुळांकडून देऊन टिकत नाही, फवारायला चालतं.

तयार पॉटिंग मिक्सच्या पिशव्या आम्ही सुचवणार नाही. किलोवर विकल्या जातात आणि ओल्या असतात, म्हणजे पाण्याचे पैसे पडतात. हिशेब नेहमी लिटरचा करा. गिरणा किंवा तापीकाठची गाळाची माती मिळत असेल तर घरचं मिश्रण असं: चार भाग गाळाची माती, तीन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग गांडूळ खत किंवा चाळलेलं जुनं शेणखत, एक भाग जाड वाळू, आणि दर दहा लिटरला मूठभर, साधारण ५० ग्रॅम, निंबोळी पेंड. फक्त काळीच माती असेल तर ती दोन भागांच्या वर नेऊ नका. उरलेली जागा विटांच्या चुऱ्यानं भरा.

कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवल्यावर ६५ ते ७५ लिटर होते, छोटी ६५० ग्रॅमची आठ-नऊ लिटर. याहून फार कमी फुगली तर माल जुना किंवा काड्यांचा. खरी अडचण मिठाची आहे. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार भरपूर असतात, त्यात आपलं बोअरचं जड पाणी. पानांच्या कडा करपतात आणि दोष उन्हाला दिला जातो. पिण्याच्या पाण्यासाठी वापरतात तो टीडीएस पेन घरात असेल तर आधी आपलं पाणी मोजा, मग भिजवलेल्या कोकोपीटमधून पिळलेलं पाणी मोजा. फरक दोन-तीनशेच्या आत येईपर्यंत धुवा आणि पिळा. विटेवर 'लो ईसी' (कमी क्षार) किंवा 'वॉश्ड' छापलेलं असलं तरी एक धुणं द्यावंच. पुढे कुंडीत लक्षात ठेवायचं ते असं: कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं. बोट दोन पेरं आत घालून बघितल्याशिवाय पाणी देऊ नये.

गांडूळ खताची पिशवी उघडून वास घ्या. पहिल्या पावसाच्या मातीसारखा असला तर घ्या. शेणाचा किंवा आंबट असेल तर ते कच्चं आहे आणि कुंडीत तापेल. मूठ आवळल्यावर पाणी निथळू नये. पिशवीवर ओलावा १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान लिहिलेला हवा.

'फ्लॉवर बूस्टर' नावाच्या छोट्या रंगीत बाटल्या आणि डब्या घेण्याची काहीच गरज नाही. खानदेशात गल्लोगल्ली कृषी सेवा केंद्रं असताना तर नाहीच. वाढीच्या काळात १९:१९:१९, कळी धरताना ०:५२:३४ (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाशाच्या टक्क्यांचे), दोन्ही लिटरला दोन ग्रॅम, आठवड्यातून एकदा. किलोची पिशवी दोन हंगाम पुरते. ही खतं हवेतलं पाणी ओढून दगड होतात, म्हणून पिशवी फोडली की घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवा. युरिया मात्र फुलझाडांपासून लांबच बरा. पानं माजतात, कळी येत नाही, वर मावा.

ग्रो-बॅगच्या मापात मोठा घोळ असतो. हिरव्या, जाड विणीच्या एचडीपीई बॅगवर १२ बाय १२ लिहिलं असेल तर ते व्यास आणि उंची. तिच्यात सुमारे २२ लिटर मिश्रण बसतं. काळ्या पातळ नर्सरी पिशवीवरचं १२ बाय १२ हे पिशवी सपाट असतानाचं माप. उघडल्यावर तिचा व्यास साडेसात इंच उरतो आणि मिश्रण जेमतेम नऊ लिटर. दोन्हींच्या किमती शेजारी ठेवून काळी स्वस्त म्हणणाऱ्याला हे सांगा. जाडी २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) वर हवी. काळी पिशवी आपल्याकडचा एक उन्हाळा काढत नाही. धरून उचलली की कानासकट फाटते.

मातीच्या कुंड्यांना आमचं झुकतं माप आहे. त्यांच्या भिंतीतून पाणी झिरपून उडतं, त्यामुळे ऑक्टोबरात मुळं गार राहतात, आणि प्लास्टिकमध्ये नेमकी तीच भाजतात. बोटाच्या पेरानं टकटक करा. खणखणीत वाजली तर नीट भाजलेली, बद्द वाजली तर कच्ची किंवा तडकलेली. रंगवायची असेल तर बाहेरून गेरू लावा. ऑइल पेंट लावलेल्या कुंड्या बाजारात चकचकीत दिसतात, पण आतली ओल बाहेर येते आणि महिनाभरात रंगाचे पोपडे उडतात. बाहेर येणारा पांढरा थर म्हणजे जड पाण्याचा क्षार. ब्रशनं घासावा आणि महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्यावं.

सजावटीच्या सामानात पांढऱ्या खड्यांची पिशवी सगळ्यात जास्त खपते आणि आमच्या यादीत ती सगळ्यात खाली आहे. ते बहुतेक वेळा संगमरवराचे तुकडे असतात, म्हणजे चुनाच. आधीच चुनखडीच्या मातीवर, जड पाण्याखाली ते पसरायचे म्हणजे लोहाचा तुटवडा ओढवून घ्यायचा. एका खड्यावर लिंबू पिळा. फेस आला तर तिथेच ठेवा. नदीतले गोटे किंवा विटांचे तुकडे बिनधास्त वापरा.

घटस्थापनेसाठी धान्य किराणा दुकानातून घ्या. बियाण्याच्या पाकिटातलं गुलाबी किंवा लाल रंगाचं बी औषध लावलेलं असतं. ते देवघरात नको आणि लहान मुलांच्या हातात तर मुळीच नको. परसबागेसाठी पाकीट घेताना मागच्या बाजूला उगवणक्षमता, चाचणीची तारीख आणि वैधता तिन्ही छापलेलं आहे का ते बघा. 'वीस प्रकारच्या बिया' असं एकत्र पाकीट टाळा; त्यात उन्हाळी भेंडी आणि हिवाळी गाजर शेजारी असतात, निम्मं बी वर्षभर पडून राहतं. मेथी, पालक, कोथिंबीर ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, धणे आठ-दहा दिवस घेतात. ते रगडून दोन फाका करून रात्रभर भिजवावेत. ऊन असताना पेरलेली कोथिंबीर चार पानांवरच फुलोऱ्यात जाते. आणि भरताचं वांगं, ज्याला २०१६ मध्ये जळगावच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं, ते गच्चीवर येतं; मात्र १८ इंची बॅग, एका बॅगेत एकच झाड आणि रोप सप्टेंबरमध्येच लावलेलं, एवढं हवं.

तोरणाचा हिशेब आधी करून ठेवला तर दसऱ्याच्या सकाळी बाजारात धावावं लागत नाही. तीन फुटी दाराला झोळ धरून ११० सेंटिमीटर दोरा लागतो. पाच सेंटिमीटरचं फूल मधोमध ओवलं की तीन सेंटिमीटर जागा घेतं, म्हणजे ३५ ते ४० फुलं आणि पंधराएक आंब्याची पानं. चांगल्या वाढलेल्या एका झाडावर एका वेळी सहा ते आठ पूर्ण फुलं धरली तर सहा-सात कुंड्या एका दाराला पुरतात. फुलं आदल्या संध्याकाळी, देठासकट तोडा आणि ओल्या फडक्यात ठेवा. दुपारी तोडलेली फुलं दोऱ्यावर चढेपर्यंत मऊ पडतात. नायलॉनपेक्षा सुती दोरा घ्यावा, तोरण उतरवलं की दोऱ्यासकट खतात जातं.

लक्ष्मीपूजनाला केळीचे खुंट रावेर-यावलच्या पट्ट्यातून मुबलक येतात. ओल्या वाळूच्या बादलीत उभे केले तर आठवडाभर हिरवे राहतात. कापलेल्या तोंडातून चीक गळतो, त्याचा डाग फरशीवरून आणि कपड्यावरून जात नाही. खाली पोतं टाका. सण झाला की दोन-दोन इंचांचे तुकडे करून कंपोस्टमध्ये घाला, पालाशाचं चांगलं खत होतं. पणत्या मातीच्याच घ्या आणि वापरण्याआधी चार-पाच तास पाण्यात बुडवून वाळवा, तेल कमी पितात. कुंड्यांमध्ये पणती ठेवताना पानापासून वीतभर अंतर ठेवा. आदल्या रात्री तरतरीत दिसणाऱ्या झाडाची पानं सकाळी कडेनं तपकिरी झालेली असतात, ती याच आचेनं.

उन्हाच्या त्या आठवड्यांत झेंडूवर लाल कोळी हमखास येतो. पानांवर बारीक पांढरे ठिपके, खाली जाळं. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला तर निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी लिटरला पाच मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी. गंधकाची भुकटी दुकानदार हमखास देतो. ती भुरीवर नोव्हेंबरात उत्तम आहे, पण ३२-३५ अंशांच्या उन्हात फवारली की झाडच करपतं.

शेवटी ठिबकचं किट. जळगावात ठिबकच्या नळ्या बनतात, मग खोक्यात पॅक केलेलं 'गार्डन किट' महागात का घ्यायचं? १६ मिमीची मुख्य नळी आणि ४ मिमीची बारीक नळी मीटरवर, ड्रिपर नगावर सुटे मिळतात. तीस कुंड्यांना दहा-बारा मीटर मुख्य नळी, तीस-पस्तीस मीटर बारीक नळी, चार लिटर ताशी क्षमतेचे तीस ड्रिपर आणि एक जाळीचा फिल्टर, एवढंच लागतं. मुद्दा दाबाचा आहे. दाब नियंत्रित करणारे ड्रिपर शेतातल्या मोटरीसाठी आहेत; गच्चीवरची टाकी कुंड्यांपेक्षा मीटर-दीड मीटरच उंच असते, तेवढ्या दाबावर ते नीट चालत नाहीत. साधे, उघडून साफ करता येणारे ड्रिपर मागा. फिल्टर वगळू नका, नाहीतर बोअरच्या पाण्यानं पंधरा दिवसांत निम्मे ड्रिपर बंद पडतील. बंद पडलेले रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले की क्षार सुटतो. दिवाळीला गावी जाणार असाल तर किट निघायच्या आठवडाभर आधीच जोडा आणि रोज एका कुंडीखाली भांडं ठेवून पाणी मोजा. ८ इंची कुंडीला ऑक्टोबरात दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर पुरतं, म्हणजे चार लिटरच्या ड्रिपरला आठ ते अकरा मिनिटं. टाकीच्या कमी दाबावर ड्रिपर लिहिल्यापेक्षा कमी पाणी देतो. भांड्यात जे जमेल त्यावरून वेळ वाढवून घ्या.